मेंदूतला बुरणूस



आपल्या मंडळींकडून एक प्रश्न मला नेहमी येतो. "सिस्टर, डोक्यातल्या हजारो पेशी रोज मरतात म्हणे, आणि त्या परत येत नाहीत. मग या वयात आता काय करायचे?" विचारणारा माणूस बहुधा सत्तरीच्या पुढचा असतो. चष्मा कुठे ठेवला हे सकाळीच विसरलेला असतो, आणि आपली उतरण लागली असे त्याने मनाशी ठरवून टाकलेले असते. मग तो कानाचे यंत्र घ्यायला तयार होत नाही, सिनेगॉगला जाणे कमी करतो, कुणाला फोन करत नाही. "आता काय उपयोग!" म्हणतो.

या समजुतीत अर्धेच खरे आहे आणि त्या अर्ध्या सत्याने आपले नुकसान होते. म्हणून या वेळी मेंदूतल्या अशा भागाविषयी लिहिते, ज्याचे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेले नसेल. नाव आहे न्यूरोपिल. विषय थोडा अवघड वाटेल, पण हळूहळू वाचा. शेवटी घरी करण्याजोग्या गोष्टी दिल्या आहेत.

पेशींच्या मधली जागा

बोकडाचा भेजा ज्यांनी साफ केला असेल त्यांना तो आठवत असेल. वरून राखाडी, मऊ, वळ्यावळ्यांचा. मधोमध कापला तर आत पांढरा भाग दिसतो. माणसाच्या मेंदूची रचनाही याच धर्तीची. पांढरा भाग म्हणजे दूरदूर जाणाऱ्या तारा, त्यांच्यावर चरबीचे वेष्टण असते म्हणून त्या पांढऱ्या दिसतात. विचार, आठवण, बोलणे यांचा मुख्य व्यवहार राखाडी भागात चालतो.

हा राखाडी भाग म्हणजे मज्जापेशींचा गच्च गठ्ठा असावा असे वाटते, पण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की तसे दिसत नाही. पेशी सुट्या सुट्या असतात आणि त्यांच्या मधे खूप मोठी जागा असते. नेहमीचा रंग देऊन पाहिले तर ती जागा नुसतीच फिकट गुलाबी, पिंजल्यासारखी दिसते. तिथे पाहण्यासारखे काही नाही असे वाटावे. तीच जागा म्हणजे न्यूरोपिल, आणि मेंदूच्या वरच्या थरात सर्वांत जास्त जागा तिनेच व्यापलेली असते.

या नावातल्या 'पिल'चा मूळ ग्रीक शब्द 'फेल्ट' या अर्थाचा आहे. फेल्ट म्हणजे आपल्याकडचा बुरणूस. घोंगडी मागावर विणतात, तिचे उभेआडवे धागे मोजता येतात. बुरणूस विणत नाहीत. लोकर भिजवून, दाबून, रगडून तिचे तंतू एकमेकांत असे गुंतवतात की कोणता कुठून आला ते सांगता येत नाही, आणि तरी कापड घट्ट होते. इथल्या अकुब्रा हॅट सशाच्या केसांच्या अशाच फेल्टच्या असतात. सूक्ष्मदर्शकातून पाहणाऱ्या जुन्या शास्त्रज्ञांना मेंदूतली ही जागा तशीच वाटली.

या बुरणुसात काय काय गुंतलेले असते? प्रत्येक मज्जापेशीला ऐकण्यासाठी बारीक बारीक फांद्या असतात आणि सांगण्यासाठी एक लांब धागा. एकीचा धागा दुसरीच्या फांदीजवळ येतो तिथे सांधा असतो, त्याला सिनॅप्स म्हणतात. याशिवाय ग्लिया नावाच्या मदतनीस पेशींचे हात तिथे पसरलेले असतात. वापरून झालेले रसायन उचलणे, सांध्याची निगा राखणे ही त्यांची कामे. आणि या सगळ्यातून केसाहून बारीक रक्तवाहिन्या जातात.

मुंबईच्या चाळीत जे वाढले त्यांना हे लगेच समजेल. खोली म्हणजे पेशी. पण चाळीचे जीवन खोलीत नव्हते, ते गॅलरीत होते. निरोप, भांडण, वाटीभर साखर, कुणाचे लग्न ठरले, कुणाचे दुखते आहे, सगळे गॅलरीत. न्यूरोपिल ही मेंदूची गॅलरी.

किती दाट?

अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठ आणि गूगल यांच्या शास्त्रज्ञांनी २०२४ साली माणसाच्या मेंदूच्या एका अगदी लहान तुकड्याचा नकाशा प्रसिद्ध केला. तुकडा एका ४५ वर्षांच्या बाईचा होता. तिला फिट्स येत असत, आणि त्यावरच्या शस्त्रक्रियेत तो काढावा लागला होता. आकार फक्त एक घन मिलिमीटर, म्हणजे बारीक मोहरीच्या दाण्याएवढा. तेवढ्यात सुमारे ५७ हजार पेशी निघाल्या, सुमारे २३ सेंटिमीटर लांबीच्या बारीक रक्तवाहिन्या निघाल्या, आणि सांधे निघाले सुमारे १५ कोटी.

पेशी हजारांत आणि सांधे कोटींत, एवढा फरक ध्यानात ठेवा. माणसाच्या अख्ख्या मेंदूत सुमारे ८६०० कोटी मज्जापेशी असतात. सांध्यांची संख्या त्याच्या कितीतरी पट.

हे सांधे एकदा झाले की कायमचे राहतात असेही नाही. उंदराला नवे काही शिकवले की त्याच्या मेंदूतल्या फांद्यांवर काही तासांतच नवीन टोके फुटतात. त्यातली काही टिकतात, काही विरून जातात. वापरात असलेला सांधा मजबूत होतो, न वापरलेला कमजोर होतो. आपण जे शिकतो, ज्याची सवय होते, ज्याची भीती बसते, ते सगळे या गुंतागुंतीत कुठे तरी बदल करून ठेवते. पेशी तीच, पण तिची ओळखपाळख बदलली की माणसाचे वागणे बदलते.

सिडनीत झालेले काम

एका पेशीचा निरोप दुसरीला पोचतो कसा, या प्रश्नावरचे फार महत्त्वाचे काम आपल्या सिडनीत झाले आहे. मॅक्वारी स्ट्रीटवरच्या सिडनी हॉस्पिटलच्या आवारात कानेमात्सू इन्स्टिट्यूट नावाची प्रयोगशाळा होती. १९३७ साली तिचे प्रमुख म्हणून जॉन एक्लस आले. ते मेलबर्नचे, ऑक्सफर्डला शिकून परत आलेले. थोड्याच काळात त्यांना युरोपातून दोन तरुण डॉक्टर येऊन मिळाले. एक हंगेरीत जन्मलेले स्टीफन कुफलर. हिटलरने ऑस्ट्रिया घेतल्यावर त्यांनी व्हिएन्ना सोडले होते. दुसरे बर्नार्ड कॅट्झ. ते लाइपझिग शहरातल्या ज्यू कुटुंबातले. १९३५ साली जर्मनी सोडून ते लंडनला गेले आणि १९३९ मध्ये सिडनीला पोचले. ज्या देशात त्यांनी वैद्यकी शिकली त्या देशात त्यांना जागा उरली नव्हती. १९४१ साली ते इथले नागरिक झाले आणि युद्धात ऑस्ट्रेलियाच्या हवाई दलात रडारचे अधिकारी होते.

मेंदूच्या बुरणुसातला एकच सांधा वेगळा काढून तपासणे त्या काळी शक्य नव्हते. म्हणून या तिघांनी सोपी जागा निवडली, मज्जातंतू आणि स्नायू यांचा सांधा. त्या वेळी शास्त्रज्ञांत मोठा वाद चालू होता. काही म्हणत, निरोप विजेच्या ठिणगीने जातो. काही म्हणत, रसायनाने जातो. एक्लस अनेक वर्षे विजेच्या बाजूने हिरिरीने भांडले. पुढे न्यूझीलंडमध्ये डनेडिनला, १९५१ साली, त्यांच्या स्वतःच्याच प्रयोगातून उलटे उत्तर आले. तेव्हा त्यांनी ते मान्य केले आणि जाहीरपणे बाजू बदलली. कॅट्झ यांनी युद्धानंतर लंडनला जाऊन दाखवले की मज्जातंतूच्या टोकाकडून हे रसायन ठरावीक मापाच्या पुड्यांसारखे सुटते. एक्लस यांना १९६३ साली नोबेल मिळाले, कॅट्झ यांना १९७० साली.

सांध्यात एक फट असते. ती इतकी अरुंद की तशा पन्नास हजार फटी शेजारी शेजारी ठेवल्या तर एक मिलिमीटर भरेल. एका बाजूने रसायन सुटते, फट ओलांडते, पलीकडच्या बाजूला बसते, आणि निरोप पोचतो. स्नायूच्या सांध्यात हे रसायन असते अ‍ॅसिटिलकोलीन. मेंदूत अशी अनेक रसायने आहेत, पण लक्ष आणि आठवण यांसाठी अ‍ॅसिटिलकोलीन तिथेही लागते.

एक्लस, कॅट्झ आणि कुफलर यांनी १९४२ साली एक लेख प्रसिद्ध केला. त्यात एसेरीन नावाच्या औषधाचा या सांध्यावर काय परिणाम होतो हे तपासले होते. अ‍ॅसिटिलकोलीनचे काम झाले की शरीर ते लगेच मोडून टाकते. एसेरीन ही मोडतोड थांबवते, त्यामुळे निरोप जास्त वेळ टिकतो. आज आपल्यापैकी काहींच्या घरात डोनेपेझिल नावाची गोळी असेल, विसरण्याच्या आजारासाठी डॉक्टरांनी दिलेली. ती याच तत्त्वावर काम करते. उरलेल्या सांध्यांत अ‍ॅसिटिलकोलीन थोडे जास्त वेळ टिकवते. तिचा उपयोग मर्यादित आहे. आजार ती थांबवत नाही, पण काही जणांना काही काळ थोडी मदत करते.

मधमाशीकडून शिकण्यासारखे

नव्याच्या सणाला आपण सफरचंद मधात बुडवून खातो. ऑस्ट्रेलियात हा सण वसंतात येतो, झाडे फुललेली असतात आणि मधमाश्या कामात असतात. त्यांच्याविषयीही थोडे ऐका.

मधमाशीच्या मेंदूत दहा लाखांहून कमी मज्जापेशी असतात. एवढ्याशा मेंदूवर ती काय करते हे कॅनबेरा आणि ब्रिस्बेनमध्ये काम केलेले प्राध्यापक मंड्यम श्रीनिवासन यांनी दाखवले. ते भारतातून आलेले. त्यांना २००६ साली ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांचे विज्ञान पारितोषिक मिळाले. उडताना आजूबाजूचे दृश्य डोळ्यांपुढून किती सरकले यावरून मधमाशी अंतर मोजते. 'सारखे' आणि 'वेगळे' यांतला फरक ती शिकू शकते. चारपर्यंतच्या खुणा ती मोजू शकते.

कीटकांच्या मेंदूत पेशी बाहेरच्या कडेला असतात आणि मधे शुद्ध न्यूरोपिल असते, त्यामुळे ते मोजणे सोपे. मधमाशी तरुणपणी पोळ्यात राहून पिल्लांना भरवते. इंग्रजीत तिला नर्सच म्हणतात, म्हणून मला ती जवळची. साधारण तीन आठवड्यांची झाली की ती बाहेर पडते. रस्ते लक्षात ठेवायचे, कोणते फूल कोणत्या वेळी उमलते ते ओळखायचे, परत घरी यायचे. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी १९९३ साली दाखवले की बाहेर काम करणाऱ्या माशीच्या मेंदूतला शिकण्या-आठवण्याचा जो भाग असतो, त्यातले न्यूरोपिल घरात राहणाऱ्या माशीपेक्षा जास्त असते. पुढच्या अभ्यासात दिसले की बाहेर काम केल्याच्या अनुभवाने पेशींच्या फांद्या वाढतात.

मधमाशीच्या आयुष्याच्या हिशेबाने ही तिची उतारवयातली गोष्ट आहे. तिच्या डोक्यातला बुरणूस दाट होतो तो ती म्हातारपणाकडे झुकताना, अधिक अवघड काम अंगावर घेतल्यावर. माणूस म्हणजे मधमाशी नव्हे हे खरे, पण प्राण्यांच्या मेंदूचा एक सर्वसाधारण नियम यातून दिसतो.

वय झाल्यावर काय होते?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. पेशी मरतात का? मरतात, पण आपण समजतो तितक्या नाहीत. डेन्मार्कमध्ये १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत विशीपासून नव्वदीपर्यंतच्या माणसांचे मेंदू तपासले होते. मेंदूच्या वरच्या थरातल्या पेशी त्या सत्तर वर्षांत सुमारे दहा टक्केच कमी झालेल्या दिसल्या. म्हणजे निरोगी म्हाताऱ्या माणसाच्या बहुतेक खोल्यांत बिऱ्हाडे अजून आहेत.

वयाप्रमाणे जे विरळ होते ते फांद्या आणि सांधे. म्हणून नाव ओठांवर येते आणि अडकते, नवा फोन शिकायला वेळ लागतो. हे बहुतेकांचे होते आणि त्याला आजार म्हणत नाहीत.

अल्झायमर हा मात्र आजार आहे. त्यात पेशीही मरतात. पण १९९० आणि १९९१ मध्ये दोन गटांनी या रुग्णांच्या मेंदूतले सांधे मोजले, तेव्हा एक गोष्ट स्पष्ट झाली. माणूस किती विसरत होता, त्याचा मेळ सर्वांत चांगला बसतो तो हरवलेल्या सांध्यांच्या संख्येशी. खोल्या शिल्लक असतात, पण गॅलरी ओस पडते.

म्हणून मेंदूची काळजी म्हणजे या गॅलरीची काळजी. ती माणसांत राहून, चालून-फिरून, ऐकून, आणि तिथल्या रक्तवाहिन्या सांभाळून होते. याने अल्झायमर होणारच नाही असे कुणी सांगू शकत नाही. ज्यांना तो झाला त्यांनी काही चूक केली असेही कधी समजू नका. आपल्यातली फार वाचणारी, फार कामसू माणसेही यात सापडली आहेत. पण २०२४ साली लॅन्सेट या वैद्यकीय मासिकाच्या समितीने १४ कारणे सांगितली, जी हाताळली तर जगातला सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येईल. त्यांत ऐकू कमी येणे, दृष्टी कमी होणे, रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, बसून राहणे, एकटेपणा आणि मनाची उदासी ही आपल्या वयाची कारणे आहेत.

आपली मराठी आणि मेंदू

आपल्यासारख्या स्थलांतरित लोकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. सांधे विरळ होऊ लागले की अलीकडे शिकलेले आधी जाते आणि बालपणीचे, हजारदा घोटलेले मागे राहते. इंग्रजी आपण पुढे शिकलो, मराठी आईकडून आली. म्हणून स्मृतिभ्रंशात इंग्रजी आधी सुटते. ऑस्ट्रेलियात इटालियन, ग्रीक अशा सगळ्याच समाजांतल्या वृद्धांत हे दिसते.

एका वॉर्डात मी रात्रपाळीला असताना आपल्यातल्या एक वयस्कर बाई दाखल होत्या. दिवसा त्या नर्सेसशी मोडके इंग्रजी बोलत, रात्री फक्त मराठी. कागदावर नोंद होती, "अर्थहीन बडबड, अस्वस्थ." मी जवळ जाऊन ऐकले तर त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या, "दार लावलंस का गं?" आणि "लघवीला जायचंय." दोन्ही वाक्ये पूर्ण अर्थाची होती. "हो मावशी, दार लावलंय," म्हटल्यावर आणि संडासात नेऊन आणल्यावर त्या शांत झोपल्या. झोपण्याआधी त्यांनी शेमा म्हटली, एक शब्द न चुकता. त्यांना त्या रात्री झोपेच्या औषधाची नाही, मराठीची गरज होती.

मुलासुनांना माझी विनंती आहे की घरातल्या वृद्धांच्या मराठी गरजांची एक यादी करून ठेवा. पाणी, दुखतंय, थंडी वाजते, लघवी, संडास, नको, पुरे, घरी जायचंय. समोर इंग्रजीत अर्थ लिहा आणि हॉस्पिटलात नेताना ती पलंगाजवळ लावा. डॉक्टरांशी महत्त्वाचे बोलणे असेल तेव्हा दुभाषी मागा. सरकारी दुभाषी सेवेचा नंबर १३१ ४५० आहे. दुभाष्याची जबाबदारी नातवंडांवर टाकू नका. आणि आजीआजोबांनो, नातवंडांशी मराठी बोला. त्यांनी इंग्रजीत उत्तर दिले तरी चालेल.

घरी काय करावे

१. कान तपासा. ऐकू कमी आले की माणूस गप्प बसतो, गप्प बसला की माणसे तुटतात. मेंदूला येणारे निरोपच कमी होतात. पेन्शनर कन्सेशन कार्ड असेल तर सरकारी योजनेतून कान तपासणी आणि ऐकण्याचे यंत्र मोफत मिळू शकते. यंत्र मिळाल्यावर ते खणात ठेवू नका. पहिले काही आठवडे कर्कश वाटेल. रोज थोडा थोडा वेळ वाढवत लावा आणि त्रास झाला तर दवाखान्यात जाऊन नीट करून घ्या. डोळ्यांचेही तसेच. मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहत बसण्याचा काळ गेला.

२. चाला. अमेरिकेत १२० वृद्धांवर एक वर्षाचा प्रयोग झाला. त्यांतले निम्मे आठवड्यातून तीन दिवस, ४० मिनिटांपर्यंत चालत. त्यांच्या मेंदूतला आठवणीचा भाग सुमारे दोन टक्के वाढला. नुसते अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांचा तो भाग थोडा घटला. गुडघे दुखत असतील तर पाण्यात चाला, कौन्सिलच्या पोहण्याच्या तलावात वृद्धांसाठी वर्ग असतात.

३. रक्तदाब आणि साखर. मोहरीएवढ्या तुकड्यातल्या त्या २३ सेंटिमीटर रक्तवाहिन्या आठवा. मेंदूचे वजन शरीराच्या दोन टक्के, पण विश्रांतीत शरीराची सुमारे वीस टक्के ऊर्जा तो घेतो, आणि त्यातली बरीच सांध्यांवर खर्च होते. वाढलेला दाब आणि साखर या बारीक नळ्या खराब करतात. "बरे वाटते" म्हणून गोळी बंद करू नका.

४. औषधांची पिशवी तपासून घ्या. सिडनीतल्या त्या तिघांनी ज्या अ‍ॅसिटिलकोलीनचा अभ्यास केला, त्याचेच काम अडवणारी काही औषधे आपल्या घरात असतात. खोकला-सर्दीसाठी किंवा झोपेसाठी घेतलेले फेनर्गन, दुखण्यासाठी किंवा झोपेसाठी दिलेले एन्डेप, लघवी वारंवार होते म्हणून दिलेले डिट्रोपॅन. वृद्धांत यांनी गोंधळ, बद्धकोष्ठ, तोंड कोरडे पडणे असे होऊ शकते. डोनेपेझिल आणि ही औषधे एकत्र चालू असतील तर एक गोळी पुढे ढकलते आणि दुसरी मागे ओढते. स्वतःच्या मनाने काहीही बंद करू नका. आपल्या जीपीला सांगा की होम मेडिसिन्स रिव्ह्यू हवा आहे. मग फार्मासिस्ट घरी येऊन सगळ्या बाटल्या पाहतो, आणि त्याचे पैसे पडत नाहीत.

५. नवे शिका आणि माणसांत राहा. न्यू साउथ वेल्समधल्या ५५ ते ७७ वयाच्या सहा हजारांहून अधिक लोकांवर न्यू साउथ वेल्स विद्यापीठाने तीन वर्षे अभ्यास केला. व्यायाम, आहार, मेंदूला काम आणि मनाची उदासी कमी करणे या चार गोष्टींचे शिक्षण इंटरनेटवरून, ज्याला ज्याची गरज त्याप्रमाणे दिले. त्यांची बुद्धी नुसती माहिती मिळालेल्यांपेक्षा जास्त सुधारली. आपल्याकडे यासाठी साधने पुष्कळ आहेत. मलिद्याची तयारी चार जणींनी मिळून करा. नातीला चिकाचा हलवा शिकवा, कारण शिकवताना आपल्यालाही आठवावे लागते. जुनी कीर्तने एकत्र बसून म्हणा. रोज तेच कोडे सोडवण्यापेक्षा थोडे अवघड वाटणारे काहीतरी निवडा.

६. अचानक गोंधळ झाला तर थांबू नका. चांगला बोलता चालता माणूस एक-दोन दिवसांत बरळू लागला, रात्री उठून भलतेच दिसते म्हणू लागला, किंवा एकदम सुस्त झाला, तर तो स्मृतिभ्रंश नव्हे. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणे, बद्धकोष्ठ किंवा नवीन औषध अशी कारणे असतात. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलता न येणे असे असेल तर लगेच ०००.

कधी दाखवायचे?

चष्मा कुठे ठेवला हे विसरणे चालते. चष्मा कशासाठी असतो हे विसरणे, ओळखीच्या रस्त्यावर हरवणे, एकच प्रश्न दहा मिनिटांत चारदा विचारणे, बिले भरणे अचानक न जमणे, स्वभाव एकदम बदलणे, हे घरच्यांनी लक्षात घ्यावे आणि जीपीकडे न्यावे. तपासणीत कधी थायरॉइड, कधी बी-१२ कमी असणे, कधी उदासी निघते, आणि त्यावर उपाय आहेत. स्मृतिभ्रंशाविषयी काहीही विचारायचे असेल तर राष्ट्रीय हेल्पलाइन १८०० १०० ५०० मोफत आहे. घरी मदत हवी असेल तर माय एज्ड केअरचा नंबर १८०० २०० ४२२. दोन्हीकडे दुभाषी मागता येतो. हे तीनही नंबर मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावा.

आणि या शब्बाथला किद्दूशनंतर जो माणूस कोपऱ्यात एकटा बसलेला दिसेल त्याच्या शेजारी जाऊन बसा, त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूला. त्याचे गाव कोणते ते विचारा. रेवदंडा म्हणेल, पेण म्हणेल, अलिबाग म्हणेल. मग त्याला बोलू द्या.